युरोपचा लिंगसमानता निर्देशांक: एकूण गुणांवर थांबू नका, आत शिरा

युरोपात स्त्री-पुरुष समानता कुठवर आली आहे, हे आकड्यांत सांगायची वेळ आली की बहुतेक जण एकाच ठिकाणी पोहोचतात: युरोपियन इन्स्टिट्यूट फॉर जेंडर इक्वालिटीच्या संकेतस्थळावर. लिथुआनियाच्या व्हिल्नियस शहरातली ही युरोपीय संघाची अधिकृत संस्था. २००६ च्या नियमाने ती स्थापन झाली, आणि २०१३ पासून ती लिंगसमानता निर्देशांक काढते. २०१३, २०१५, २०१७ आणि मग २०१९ पासून दरवर्षी. सगळं फुकट, नोंदणीची गरज नाही, आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. अभ्यासक, पत्रकार, संघटनांचे कार्यकर्ते आणि सरकारी कचेऱ्या, सगळेच तो वापरतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. साधन म्हणून हा निर्देशांक अत्यंत उपयोगी आहे, आणि देशांची क्रमवारी म्हणून तो सर्वांत कमी उपयोगी आहे. दुर्दैवाने बातम्यांत येते ती क्रमवारीच. "अमुक देश पहिला, तमुक देश शेवटचा" एवढं उचललं की या मेहनतीतला नव्वद टक्के माल तिथेच पडून राहतो.

रचना अशी आहे. सहा मुख्य क्षेत्रं: काम, पैसा, ज्ञान, वेळ, सत्ता आणि आरोग्य. त्यांच्या खाली उपक्षेत्रं (२०२४ च्या आवृत्तीपर्यंत चौदा), आणि त्यांच्याही खाली निर्देशक, म्हणजे रोजगारदरासारख्या मोजायच्या एकेक गोष्टी. २०२४ च्या आवृत्तीपर्यंत हे निर्देशक ३१ होते. २०२५ मध्ये रचना बदलून ते २७ झाले. प्रत्येक पातळीवर १ ते १०० गुण. १ म्हणजे पूर्ण विषमता, १०० म्हणजे पूर्ण समानता. स्त्रियांवरील हिंसा आणि परस्परछेदी विषमता (म्हणजे वय, अपंगत्व, शिक्षण, स्थलांतर यांमुळे एकाच देशातल्या स्त्रियांत पडणारा फरक) ही दोन क्षेत्रं जोडीला आहेत, पण एकूण गुणांत धरलेली नाहीत. या दुसऱ्या मुद्द्याकडे नंतर येऊ.

गुण बनतात कसे

हे समजून न घेता आकडे वापरणाऱ्यांचीच सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून इथे थोडं थांबू या. खालचं गणित २०२४ पर्यंतच्या आवृत्त्यांचं आहे.

प्रत्येक निर्देशकासाठी आधी दरी मोजतात. स्त्रियांच्या आकड्याला स्त्री आणि पुरुष यांच्या सरासरीने भागायचं, त्यातून १ वजा करायचा आणि उणे चिन्ह आलं तर ते सोडून द्यायचं. म्हणजे दरी कोणत्या बाजूची आहे याला महत्त्व नाही. पुरुष मागे असले तरी गुण कापले जातात. एक ठळक उदाहरण: युरोपीय संघात नोकरी करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के शिक्षण, आरोग्य आणि समाजसेवा या क्षेत्रांत आहेत, पुरुषांपैकी सुमारे ८ टक्के. सरासरी १९. तीसला १९ ने भागलं की १.५८, दरी ०.५८, आणि फक्त दरीवरून गुण काढले तर ते ४३ च्या आसपास येतात. स्त्रिया 'जास्त' असूनही गुण कमी, कारण इथे मोजायचं आहे ते कामाचं स्त्रियांचं आणि पुरुषांचं असं झालेलं विभाजन.

दुसरी पायरी जास्त वादाची आहे. नुसती दरी मोजली तर जिथे स्त्री आणि पुरुष दोघंही सारखेच हलाखीत आहेत त्या देशाला पैकीच्या पैकी गुण मिळतील. हे टाळायला एक दुरुस्ती गुणक लावतात: देशाची एकूण पातळी भागिले सर्व देशांतली सर्वोच्च पातळी, आणि त्याचं वर्गमूळ. मग १ मधून दरी वजा करून आलेल्या आकड्याला या गुणकाने गुणतात आणि उत्तर १ ते १०० च्या पट्टीवर बसवतात.

काल्पनिक दोन देश घेऊन पाहा. पहिल्यात स्त्रियांचा रोजगारदर ४०, पुरुषांचा ६०, एकूण ५०. दुसऱ्यात स्त्रियांचा ३०, पुरुषांचा ३४, एकूण ३२. सर्वोच्च पातळी ६० धरू. पहिल्या देशात दरी ०.२, गुणक ०.९१, गुण ७३.३. दुसऱ्यात दरी जेमतेम ०.०६, पण गुणक ०.७३, आणि गुण ६८.८. म्हणजे दरी तिपटीने मोठी असलेला देश पुढे. हे चूक आहे असं आमचं म्हणणं नाही. दोघांनाही काम नसणं ही समानता नव्हे, आणि संस्थेने घेतलेली बाजू आम्हाला पटते. पण वाचणाऱ्याला हे ठाऊक हवं. कोणत्याही देशाचे गुण वाढले की पहिला प्रश्न हा विचारायचा: दरी कमी झाली, की सगळ्यांचीच पातळी वर गेली? उत्तर गुणांत नाही. ते स्त्री आणि पुरुष यांच्या मूळ टक्केवारीत आहे, आणि ती टक्केवारी निर्देशकाच्या पानावर दिलेली असते.

तिसरी पायरी बेरजेची. उपक्षेत्राच्या आत साधी सरासरी. उपक्षेत्रांवरून क्षेत्र आणि क्षेत्रांवरून एकूण गुण काढताना मात्र भूमितीय मध्य, म्हणजे बेरजेऐवजी गुणाकार करून त्याचं मूळ. फरक मोठा पडतो: ९० आणि ४० यांची साधी सरासरी ६५, भूमितीय मध्य ६०. एका ठिकाणी उत्तम काम करून दुसरीकडचं दुर्लक्ष झाकता येऊ नये, ही त्यामागची भूमिका. हा निर्णय या निर्देशांकातला सर्वांत चांगला निर्णय आहे.

क्षेत्रांना वजनं तज्ज्ञांकडून घेतलेली आहेत: ज्ञान ०.२२, काम ०.१९, सत्ता ०.१९, पैसा ०.१५, वेळ ०.१५, आरोग्य ०.१०. ज्यांना पडताळा हवा त्यांनी २०२४ च्या आवृत्तीतले संघाचे गुण स्प्रेडशीटमध्ये घालावेत: काम ७४.२, पैसा ८३.४, ज्ञान ६४.२, वेळ ६८.५, सत्ता ६१.४, आरोग्य ८८.६. प्रत्येकाला त्याच्या वजनाइतका घात द्या आणि सहाही उत्तरांचा गुणाकार करा. ७१.० येतं, आणि अहवालात छापलेला आकडाही तोच आहे. साध्या भारित सरासरीने ७१.५ आलं असतं. इतक्या उघडपणे पडताळता येणारे आंतरराष्ट्रीय निर्देशांक थोडे आहेत, आणि याचं श्रेय संस्थेला द्यायलाच हवं. युरोपीय आयोगाच्या जॉइंट रिसर्च सेंटरने या पद्धतीची संख्याशास्त्रीय तपासणीही केलेली आहे.

वजनांबद्दल एक तक्रार. ज्ञानाला सर्वांत जास्त वजन आहे, आणि त्या क्षेत्राच्या दोन उपक्षेत्रांपैकी एक म्हणजे उच्च शिक्षणातली विद्यार्थ्यांची विषयवार विभागणी. ही विभागणी दशकभरात फारशी हललेली नाही. त्यामुळे एखादा देश बालसंगोपन, पगार, संसद या सगळ्यांत पुढे सरकला तरी ज्ञानाचा दगड पायाला बांधलेलाच राहतो.

वर्षांची गल्लत

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या नेहमी एकाच प्रकारच्या असतात: वेगवेगळ्या आवृत्त्यांतले आकडे एका ओळीत लावणं.

२०१३ च्या अहवालात संघाचे गुण ५४.० होते, २०१५ मध्ये ५२.९, २०१७ मध्ये ६६.२. ओळीने मांडलं तर वाटेल, दोन वर्षांत तेरा गुणांची झेप. तसं काहीही झालं नव्हतं. २०१७ मध्ये पद्धत सुधारली आणि मागची वर्षंही नव्याने मोजली. त्या मोजणीत २०१२ चा आकडा ६५.० आहे. खरी वाढ तीन वर्षांत १.२ गुण.

उलट्या दिशेचा सापळा आता तयार झाला आहे. २०२४ मध्ये ७१.० आणि २०२५ मध्ये ६३.४. हे आकडे शेजारी ठेवून "युरोपात समानता घसरली" असं लिहिलं तर ते साफ चुकीचं ठरेल, कारण २०२५ ला निर्देशकांचा संचच बदललेला आहे. नियम सोपा आहे: तुलना करायची तर एकाच आवृत्तीच्या फाइलमधली मालिका घ्या. जुन्या पीडीएफमधून आकडा उचलू नका.

शिवाय आवृत्तीचं वर्ष आणि आकड्यांचं वर्ष वेगळं असतं. २०२४ च्या आवृत्तीतले बहुतेक आकडे २०२२ चे. म्हणून "२०२४ मध्ये स्वीडनमध्ये ८२ गुण होते" असं न लिहिता "२०२४ च्या आवृत्तीनुसार" असं लिहावं. तिसरी अडचण ब्रिटनची: २०२० पर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता, २०२१ पासून नाही. संघाची सरासरी २८ देशांची आहे की २७ देशांची, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वेळ हे क्षेत्र: सर्वांत महत्त्वाचं, सर्वांत कच्चं

रोजचा स्वयंपाक आणि घरकाम कोण करतं, मुलांना, वृद्धांना, अपंग व्यक्तींना रोज कोण सांभाळतं, आणि खेळायला, फिरायला, नाटकाला जायला वेळ कोणाला मिळतो, हे या क्षेत्रात मोजतात. समानतेचं मूळ दुखणं इथेच आहे. बाजारातलं काम, पगार, बढती, निवडणूक लढवणं, सगळ्याच्या मुळाशी घरातले तास आहेत. आणि नेमके याच क्षेत्राचे आकडे सर्वांत शिळे होते.

२०१५ आणि २०१६ मधल्या पाहण्यांचे आकडे आवृत्तीमागून आवृत्ती पुन्हा वापरले गेले. २७ देशांच्या मालिकेत २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वेळी संघाचे गुण ६४.९ वरच थांबलेले दिसतात. टाळेबंदीच्या काळात घरातल्या कामाचं काय झालं हे जाणून घ्यायची सर्वांना निकड होती, तेव्हा या निर्देशांकाकडे सांगायला काहीच नव्हतं. पुढे संस्थेने २०२२ मध्ये बिनपगारी देखभालीवर स्वतःची पाहणी केली आणि २०२३ च्या आवृत्तीत गुण एकदम ६८.५ झाले. ही वाढ वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मध्ये सहा-सात वर्षं गेली होती, आणि पाहणीच बदलली होती. प्रश्न विचारण्याची पद्धत आणि नमुना बदलला की उत्तरं बदलतात. २०२४ ला पुन्हा नवीन आकडे नव्हते, म्हणून पुन्हा ६८.५.

यात आणखी एक उणीव आहे. २०२४ पर्यंतचे निर्देशक "रोज करता का" असं विचारतात, "किती तास" असं नाही. रोज वीस मिनिटं भांडी घासणारा पुरुष आणि रोज चार तास राबणारी स्त्री या मोजमापात सारखेच ठरतात. तासांचा हिशेब हवा असेल तर वेळवापर पाहण्यांकडे जावं लागतं, आणि त्या देशोदेशी वेगवेगळ्या वर्षी होतात.

पैशाचे ८३ गुण फसवे का आहेत

२०२४ च्या आवृत्तीत पैशाचं क्षेत्र ८३.४ वर आहे. हे वाचून कोणालाही वाटेल की इथलं काम जवळजवळ झालं. तसं नाही.

या आवृत्तीतले दारिद्र्याचा धोका आणि उत्पन्न हे निर्देशक युरोपीय संघाच्या उत्पन्न व राहणीमान पाहणीतून येतात. तिथे कुटुंबाचं उत्पन्न एकत्र धरून ते सदस्यांत सारखं वाटलं जातं असं गृहीत धरतात. नवरा महिन्याला चार हजार युरो कमावतो आणि बायको शून्य, तरी दोघंही सारख्याच उत्पन्नाची म्हणून नोंदली जातात. जोडप्यांतली सगळी दरी त्यामुळे कागदावरून पुसली जाते. उरलेला फरक दिसतो तो एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, एकट्या माता आणि वृद्ध विधवा यांच्यात. म्हणून या क्षेत्रात एकूण आकडा न पाहता कुटुंबप्रकारानुसार आणि वयानुसार फोड करून पाहणं गरजेचं आहे. ती सोय परस्परछेदी विषमतेच्या भागात आहे, आणि मूळ निर्देशांकापेक्षा तीच जास्त शिकवते.

मासिक मिळकतीचा आकडा दर चार वर्षांनी होणाऱ्या वेतन पाहणीतून येतो (२०१४, २०१८, २०२२). ती दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती आहे. घरकामगार, लहान दुकानांतल्या विक्रेत्या, छोट्या सलूनमधल्या कामगार त्यात येतच नाहीत. वेतनाच्या विषमतेबद्दल बोलताना या वगळलेल्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, हे विसरता कामा नये.

युरोस्टॅट या संघाच्या सांख्यिकी संस्थेचा वेतनदरीचा आकडा निर्देशांकाच्या बरोबरीने वापरावा, पण त्यालाही रोजगारदराची जोड हवीच. २०२२ मध्ये संघात ताशी वेतनाची दरी १२.७ टक्के होती. इटलीत फक्त ४.३, लक्झेंबर्गमध्ये उणे ०.७ (म्हणजे स्त्रियांचं ताशी वेतन किंचित जास्त), एस्टोनियात २१.३. इटली एस्टोनियापेक्षा समान आहे का? इटलीत स्त्रियांचा रोजगारदर संघातल्या सर्वांत कमी दरांपैकी आहे. कमी शिक्षणाच्या, कमी पगाराच्या स्त्रिया तिथे नोकरीतच नाहीत, म्हणून सरासरीतही नाहीत. ज्या आहेत त्या जास्त शिकलेल्या, आणि दरी आपोआप लहान दिसते. निर्देशांक काम आणि पैसा वेगळे मोजतो म्हणून असा देश त्यात लपत नाही. हा त्याचा ठोस फायदा.

सत्ता: इथे मात्र मन भरतं

संपूर्ण संकेतस्थळावरचा सर्वांत विश्वासार्ह भाग म्हणजे निर्णयपदांवरील स्त्री-पुरुषांचा माहितीसाठा. तो आधी युरोपीय आयोगाकडे होता, आता संस्थेकडे आहे. कारण साधं आहे: इथे पाहणी नाही, मोजणी आहे. खासदार, मंत्री, प्रादेशिक सभांचे सदस्य, मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळं, मध्यवर्ती बँका, संशोधन निधी देणाऱ्या संस्था, सार्वजनिक प्रसारण, ऑलिंपिक खेळांच्या राष्ट्रीय संघटना. नावं मोजायची, टक्केवारी काढायची. राष्ट्रीय संसद आणि मंत्रिमंडळाचे आकडे वर्षातून अनेकदा ताजे होतात.

एकूण निर्देशांक २०१० पासून जो वाढला त्यातला मोठा वाटा सत्तेचाच: सुमारे ४२ वरून ६१.४. तरीही सहा क्षेत्रांत सत्ताच शेवटची. देशांतलं अंतरही इथेच सर्वांत मोठं आहे. स्वीडनची संसद जवळजवळ निम्मी-निम्मी, तर हंगेरीत २०२२ मध्ये निवडून आलेल्या संसदेत स्त्रिया जेमतेम सातांत एक.

कंपन्यांच्या आकड्यांत कायद्याचा परिणाम स्पष्ट वाचता येतो. फ्रान्सने २०११ मध्ये संचालक मंडळांसाठी ४० टक्क्यांचा कायदा केला. २०१० मध्ये तिथे मोठ्या कंपन्यांच्या मंडळांवर स्त्रिया सुमारे १२ टक्के होत्या, म्हणजे संघाच्या सरासरीइतक्याच. दशकभरात फ्रान्सने ४० चा टप्पा ओलांडला. कायदा न केलेल्या अनेक देशांत आलेख कूर्मगतीने सरकतो. याच धड्यावर २०२२ चा संघव्यापी निर्देश (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा संघाचा नियम) उभा आहे: ३० जून २०२६ पर्यंत नोंदणीकृत मोठ्या कंपन्यांत बिगर-कार्यकारी (रोजचा कारभार न पाहणाऱ्या) संचालकांपैकी ४० टक्के किंवा सर्व संचालकांपैकी ३३ टक्के जागा ज्यांचं प्रमाण कमी आहे त्यांच्याकडे असाव्यात.

पण या माहितीसाठ्यातही कुठे पाहायचं ते कळायला हवं. कंपन्या म्हणजे प्रत्येक देशाच्या शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या, जास्तीत जास्त पन्नास. मधल्या आणि छोट्या कंपन्यांबद्दल यातून काही कळत नाही. आणि संचालक मंडळाचा आकडा वर गेला म्हणून कारभार स्त्रियांच्या हाती आला असं होत नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा वेगळा तक्ता उघडा. तिथे स्त्रिया दहांत एकाहूनही कमी आहेत. हा तक्ता निर्देशांकाच्या गुणांत येत नाही, म्हणून तो मुद्दाम उघडावा लागतो.

आरोग्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जवळजवळ सगळे देश वरच्या टोकाला दाटीवाटीने बसलेले असल्याने हे क्षेत्र देशांत फरकच करत नाही. वापरायचंच असेल तर धूम्रपान, मद्य, व्यायाम आणि आहार यांचं उपक्षेत्र तेवढं पाहावं.

हिंसेचा आकडा वेगळा का ठेवला

हिंसा एकूण गुणांत नसणं अनेकांना खटकतं. कारण तर्कशुद्ध आहे. बाकीची क्षेत्रं दरी मोजतात; हिंसेत "पुरुषांइतकीच हिंसा स्त्रियांच्या वाट्याला आली" हे उद्दिष्ट असूच शकत नाही. उद्दिष्ट शून्य आहे. म्हणून तिचं मोजमाप स्वतंत्र, आणि तिथे गुण जास्त म्हणजे स्थिती वाईट. २०१७ मध्ये संघाचा आकडा २७.५ होता. मुख्य निर्देशांकाची सवय झालेल्या वाचकाचा इथे उलटा अर्थ लावून घोळ होतो, तेव्हा आलेख छापताना दिशा लिहायलाच हवी.

मोठी अडचण तुलनेची आहे. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१२ मध्ये सुमारे ४२,००० स्त्रियांशी बोलून केलेल्या पाहणीत पंधराव्या वर्षानंतर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रिया संघात सरासरी ३३ टक्के निघाल्या. डेन्मार्कमध्ये ५२, फिनलंडमध्ये ४७, स्वीडनमध्ये ४६, पोलंडमध्ये १९. समानतेत पुढे असलेले देश हिंसेतही पुढे? जिथे स्त्रियांना हिंसेचं नाव घेता येतं, सांगितल्यावर विश्वास ठेवला जाईल अशी खात्री असते, तिथे नोंद जास्त होते, हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. ते एकमेव आहे असं मात्र सिद्ध झालेलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या पाहणीतही संघात साधारण तीन स्त्रियांमागे एक, हेच प्रमाण आहे. देशांची क्रमवारी लावण्यासाठी हे आकडे अजिबात वापरू नयेत. एका देशात मदत किती जणींनी मागितली, पोलिसांत किती जणी गेल्या, सांगितलं तर कोणाला सांगितलं, हे पाहण्यासाठी जरूर वापरावेत.

बाकीच्या निर्देशांकांशी तुलना

जागतिक आर्थिक मंचाचा लिंगदरी निर्देशांक २००६ पासून निघतो आणि त्याला प्रसिद्धी जास्त मिळते. तो फक्त गुणोत्तर पाहतो, पातळी पाहत नाही, आणि स्त्रिया पुरुषांच्या पुढे गेल्या की गुण कापत नाही. त्याची व्याप्ती जगभराची, म्हणून निर्देशकही अवघे चौदा आणि ढोबळ. युरोपपुरतं काम असेल तर व्हिल्नियसचा निर्देशांक निःसंशय सरस. पण आइसलंड, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड त्याच्या क्रमवारीत नाहीत, कारण ते संघाचे सदस्य नाहीत. वेतनसमानतेवर सर्वांत धाडसी पावलं टाकणारा आइसलंड (२५ किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना समान वेतनाचं प्रमाणपत्र सक्तीचं करणारा, २०१८ मध्ये लागू झालेला कायदा तिथलाच) यात दिसत नाही, ही उणीव जाणवते. दुसरीकडे सर्बियाने २०१६ मध्ये हीच पद्धत वापरून स्वतःचा निर्देशांक काढला, आणि उत्तर मॅसिडोनिया, मॉन्टेनेग्रो, अल्बानिया हेही त्या वाटेने गेले. पद्धत उघड ठेवली की ती अशी उपयोगी पडते.

वापरायचा कसा

देशाचं पान उघडलं की वर मोठ्या अक्षरांत एकूण गुण आणि क्रमांक दिसतो. तो वाचा आणि पुढे सरका. सहा क्षेत्रांपैकी संघाच्या सरासरीच्या सर्वांत खाली असलेलं क्षेत्र शोधा. त्याच्या उपक्षेत्रांत जा, आणि तिथून निर्देशकावर. निर्देशकाच्या पातळीवर तीन गोष्टी टिपून घ्या: स्त्रियांचा आकडा, पुरुषांचा आकडा, आणि आकडा कोणत्या वर्षाचा व कोणत्या पाहणीतला. आधीच्या आवृत्तीत तोच आकडा हुबेहूब असेल तर नवी माहिती आलेलीच नाही; "स्थिती बदलली नाही" असं लिहू नका.

मग संपूर्ण एक्सेल उतरवून घ्या. संकेतस्थळावरचे आलेख देखणे आहेत, पण दोनपेक्षा जास्त देश आणि दोनपेक्षा जास्त वर्षं एकत्र पाहायची तर फाइलच बरी. एका गुणाच्या आतला फरक असेल तर त्यावर बातमी करू नका. २०२४ च्या आवृत्तीत डेन्मार्क आणि नेदरलँड्स दोघंही ७८.८ वर आहेत. त्यांच्यात कोण दुसरा नि कोण तिसरा याला अर्थ नाही. नेदरलँड्समध्ये स्त्रिया मोठ्या प्रमाणात अर्धवेळ काम करतात, डेन्मार्कमध्ये तेवढ्या नाहीत, हा फरक सांगण्यासारखा आहे आणि तो पूर्णवेळ-समतुल्य रोजगारदराच्या (अर्धवेळ कामं पूर्णवेळ कामांच्या हिशेबात बदलून काढलेल्या दराच्या) ओळीत सापडतो.

मोजणीपलीकडची साधनं

संस्थेचं काम मोजण्यापुरतं नाही, आणि प्रत्यक्ष बदल घडवू पाहणाऱ्यांसाठी हा भाग जास्त कामाचा आहे. विद्यापीठं आणि संशोधन संस्थांसाठी 'गिअर' नावाची मार्गदर्शिका आहे. होरायझन युरोप या संघाच्या संशोधन निधी योजनेत २०२२ पासून सार्वजनिक संस्था, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना लिंगसमानता आराखडा असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. चार अटी आहेत: वरिष्ठ नेतृत्वाने सही करून जाहीर केलेला दस्तऐवज, त्यासाठी नेमलेली माणसं आणि पैसा, स्त्री-पुरुषनिहाय आकड्यांची नियमित नोंद, आणि प्रशिक्षण. मार्गदर्शिका आराखड्याचं काम सहा पायऱ्यांत उलगडते, सुरुवातीपासून ते आराखडा संपल्यावर पुढे काय इथपर्यंत.

काम बिघडतं ते दुसऱ्या अटीवर. दस्तऐवज तयार होतो, सही होते, संकेतस्थळावर चढतो. पण त्यासाठी माणूस नेमलेला नसतो, आणि एखाद्या प्राध्यापिकेच्या नेहमीच्या कामावर ही जबाबदारी लादली जाते. आराखडा वाचताना आधी अंदाजपत्रकाची ओळ शोधा. मग सध्याचा आकडा, गाठायचा आकडा आणि तारीख हे तिन्ही एकत्र दिलेत का ते पाहा. "प्रोत्साहन देऊ", "जाणीव वाढवू" अशी वाक्यं पुढच्या वर्षी तपासता येत नाहीत.

धोरणाचा परिणाम आधीच तपासण्याची पाच पायऱ्यांची पद्धतही तिथे आहे: धोरणाचा हेतू स्पष्ट करणं, त्याचा स्त्री-पुरुष विषमतेशी संबंध आहे का ते पाहणं, विश्लेषण, परिणामाचं वजन करणं, आणि निष्कर्षांसह सुधारणा सुचवणं. दुसऱ्या पायरीवर "संबंध नाही" अशी खूण करून बहुतेक प्रस्ताव पुढे सरकवता येतात, म्हणून या पायरीवर लेखी कारण मागणं हाच खरा उपाय. बसमार्ग, पदपथ, कर, निवृत्तिवेतन या सगळ्यांचा संबंध असतो.

येत्या वर्षांत आकड्यांचा आणखी एक साठा उघडणार आहे, आणि निर्देशांक वापरणाऱ्यांनी त्याची तयारी आत्ताच करावी. वेतन पारदर्शकतेचा २०२३ चा निर्देश देशांनी ७ जून २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना वेतनदरी जाहीर करावी लागेल. १५० किंवा अधिक कामगार असलेल्यांचा पहिला अहवाल ७ जून २०२७ पर्यंत. २५० किंवा अधिक असतील तर दरवर्षी, बाकीच्यांना तीन वर्षांतून एकदा. एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांत सरासरी ५ टक्के किंवा अधिक दरी निघाली, तिचं लिंगनिरपेक्ष कारण देता आलं नाही आणि सहा महिन्यांत ती दूर झाली नाही, तर कामगार प्रतिनिधींबरोबर बसून संयुक्त तपासणी करावी लागेल. देशाच्या सरासरीत जे कधीच दिसत नाही ते कंपनीगणिक दिसेल. फक्त हे अहवाल हाती घेताना कामाचे गट कसे पाडले आहेत ते आधी पाहा: एकाच मोलाची कामं वेगवेगळ्या नावांच्या गटांत टाकली की दरी प्रत्येक गटाच्या आत लहान दिसते आणि गटागटांच्या मध्ये जाऊन बसते.